रिव्हर्स ओढल्यावर
"एकदा रिव्हर्स ओढला की थांबायचंच असतं, हे मी तुला सांगायचं?" चैतालीनं पुन्हा तोच विषय काढला, तसा गाडी चालवणारा कृष्णराज वैतागला. दोघंही वैमानिक, एकाच विमानावरचे. काल ओल्या धावपट्टीवर उतरताच त्यानं रिव्हर्स ओढला, इंजिनांचा जोर उलटा फिरला, वेग उतरू लागला. तेवढ्यात धावपट्टी पुरायची नाही असं वाटून तो परत उडायला निघाला होता. तिनं त्याचा हात दाबून धरला, म्हणून सगळे वाचले. "भ्यालो गं. पण आज न्हाय भ्यायचो. दारातच आईला सांगतो, ही तुझी सून." त्याचं गाव, मुरुम, आलं. आईसाठी आणलेली इरकल साडी चैतालीनं उंबऱ्यावरच तिच्या हातात दिली. आई हरखली. "रंग लई देखणा हाय गं! आडनाव काय तुझं?" "कांबळे." आईचं हसू थिजलं. कृष्णराज घाईनं म्हणाला, "संगं काम करती, आई. तुळजापूरला दर्शनाला निघालीय, जाता जाता टेकली." साडी आत नेता येईना, परत देता येईना, आई तशीच उभी राहिली. चैताली बॅग घ्यायला गाडीकडं वळली. तो मागं धावला, तिचा हात धरून पुटपुटला, "दिवाळीत सांगतो, नक्की. आज जमलं न्हाय." "रिव्हर्स तूच ओढलास, कृष्णराज. आता थांबायचंच," ती म्हणाली आणि तिनं आपला हात सोडवून घेतला.