जास्तीचं टिंब

रामिरोने सी भाषेत लिहिलेला, मजकूर टाइप करायचा एडिटर उरुग्वेतल्या पायसांदू गावच्या घरी सर्वांत आधी वापरला तो त्याच्या बाबांनी. फुटबॉल क्लबच्या सूचना ते त्यावर टाइप करायचे. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "पोरा, तुझा प्रोग्राम माझं शेवटचं अक्षर खातोय."

"अहो बाबा, चष्मा बदला! मी नीट तपासलाय तो."

बाबा पुन्हा त्यावर बोलले नाहीत. या हिवाळ्यात ते गेले आणि क्लबचं काम आईकडे आलं.

आज ती रविवारच्या जेवणाची सूचना लिहीत होती. रामिरो शेजारी 'माते' हा तिथला कडू चहा पीत बसला होता. लिहून झाल्यावर तिने शेवटी एक जास्तीचं टिंब दिलं, मग मागे जाऊन मधे एक ओळ घातली. टिंब नाहीसं झालं.

रामिरोने पेला खाली ठेवला; चूक कुठे आहे ते त्याला कळलं. नव्या अक्षरांसाठी कर्सरपाशी राखलेली मोकळी जागा भरली की प्रोग्राम कर्सरच्या पुढचा मजकूर उचलून मोठ्या जागेत नेई. तो नेताना एक अक्षर मागे राहत होतं. रामिरो स्वतः एका दमात सरळ लिहीत जायचा. मागे जाऊन दुरुस्त्या करायची सवय बाबांची.

"आई, ते टिंब कशाला दिलंस गं?"

"तुझ्या बाबांनी शिकवलंय. म्हणाले, त्याला खायला एक टिंब घालत जा, पण पोराला सांगू नकोस. हिरमुसेल."

चूक त्याने त्याच दुपारी सुधारली. आईला मात्र सांगितलं नाही. तेव्हापासून क्लबच्या फळ्यावरच्या प्रत्येक सूचनेच्या शेवटी एक टिंब जास्तीचं असतं.