दगडी क्रूसाचं वळण

करडी व्हॅन पुन्हा मागे लागली, तेव्हा लिओनेलने वळूनही पाहिलं नाही.

"बुस्के आहे," तो म्हणाला. "कडेला राहा. जाऊ दे म्हाताऱ्याला पुढे."

व्हॅन पुढे गेली नाही. चेस्टनटच्या झाडांमधून ती दोन सायकलींच्या मागे तशीच रेंगाळत राहिली. मग एका शेतवाटेला वळली आणि धुक्यात दिसेनाशी झाली.

"याला सायकलवाल्यांचं एवढं काय वावडं?" ओदिलने विचारलं.

"त्याच्या गाई बुजतात म्हणे. मला विचारशील तर गाईंपेक्षा तोच जास्त बुजतो." लिओनेल हसला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "गावात काय बोलतात, तुला ठाऊक आहेच."

ओदिलला ठाऊक होतं. गेल्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी तिचा नवरा एर्वे सायकल घेऊन एकटाच बाहेर पडला, तो परतला नाही. मंगळवारी तो बुस्केच्या शेताखालच्या दरीत सापडला. पोलिसांनी रस्ता तपासला. रस्ता स्वच्छ होता. ओली पानं आणि बेफाम वेग, असं कारण त्यांनी लावलं. गावाने मात्र बुस्केच्या व्हॅनचं नाव घेतलं.

लिओनेल तेव्हा रोदेझला बहिणीच्या घराची कौलं बदलत होता. तो थेट अंत्यविधीलाच आला. मी इथे असतो तर त्याला एकटा जाऊ दिला नसता, हे तो वर्षभर म्हणत आला होता.

दोघं कायम जोडीने फिरायचे. लिओनेल वारा कापत पुढे, एर्वे त्याच्या चाकाला चिकटून मागे. वाटेत खड्डा, खडी, काच, काहीही आलं की लिओनेलचा हात हँडलवरून सुटून खाली यायचा आणि बोट ती जागा दाखवायचं. "लिओनेलच्या मागे असलो की मी रस्ता बघतच नाही," एर्वे म्हणायचा. "त्याचा हात बघतो."

गेल्या महिन्यात लिओनेलने ओदिलला लग्नाचं विचारलं. वर्ष होऊ दे, ती म्हणाली. आता वर्ष झालं होतं. एर्वे जिथे पडला त्या उतारावरून एकदा जायचं आणि मग उत्तर द्यायचं, असं तिने ठरवलं होतं.

"तिथे बघण्यासारखं आहे काय?" चढावर लिओनेलने पुन्हा विचारलं. "एर्वे गेल्यापासून मी त्या उताराला चाक लावलेलं नाही."

"मग आज लाव."

माथ्यावरच्या गावात बाटल्या भरायला ते दफनभूमीपाशी थांबले. या भागातल्या सायकलवाल्यांना गावोगावच्या दफनभूमीतले नळ पाठ असतात.

"तू जा आत. एर्वेजवळ थांब थोडी," लिओनेल म्हणाला. "मी सायकली बघतो."

"इथे कोण चोरणार?"

"मेलेल्यांचा काही भरवसा नाही."

आत थडग्याथडग्यावर शेवंतीच्या कुंड्या आल्या होत्या. नळापाशी झारी घेऊन बुस्के उभा होता.

"हळू बोल, पोरी," तो म्हणाला. "सकाळपासून तुला एकटीला गाठायला बघतोय. तो काही तुझी पाठ सोडेना."

ओदिलने नळ सोडला. तिने बाटली नळाखाली धरली.

म्हाताऱ्याने टोपी काढली. "व्हॅननं उडवलं नाही मी त्याला. पण मारलं मीच."

नळ वाहत राहिला.

"पाण्याचा पाइप फुटला होता माझा. शनिवारी संध्याकाळी रस्ता खोदला. मेयरला विचारलं नाही, कुणालाच नाही. उतारावर तिसऱ्या वळणाला दगडी क्रूस आहे ना, त्याच्या लगेच पलीकडे. उजवीकडून निम्मा रस्ता, गुडघाभर खोल. खूण म्हणून एक फांदीसुद्धा टाकली नाही. म्हटलं, रविवारी तिकडे फिरकतंय कोण? सोमवारी उजाडायच्या आत बुजवला, डांबर घातलं, वरून ट्रॅक्टर फिरवला. आधी तो रस्ता ताटासारखा सपाट होता, नंतरही ताटासारखाच झाला. मंगळवारी कळलं, खाली कोण पडलंय ते."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"बायको गेली, तिलाही सांगितलं नाही. तो खड्डा मी पाहिला आणि तुझ्या नवऱ्यानं. बस." त्याने टोपी मुठीत आवळली. "पोलिसांकडे जायचं तर जा. मी घरीच आहे."

बाटली कधीच भरली होती. गार पाणी ओदिलच्या मनगटावरून वाहत होतं. तिने नळ बंद केला.

"आधी उतरून येते," ती म्हणाली.

फाटकाबाहेर लिओनेल दोन्ही सायकली धरून उभा होता. "आत कोण होतं? आवाज आला."

"बुस्के. फुलांना पाणी घालत होता."

"काय म्हणाला?"

"जपून उतर म्हणाला."

"मोठा आला जपणारा!"

उताराच्या तोंडाशी धुकं इतकं दाट होतं की दहा पावलांपुढचं डांबर दिसत नव्हतं. लिओनेलने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"तू पुढे हो," तो म्हणाला. "तुझ्या वेगानं जा. मी मागे आहे."

"नको. तूच हो पुढे. मी एर्वेसारखी तुझा हात बघत येते."

त्याने एक पाय पेडलवर ठेवला. "आणि उत्तर?"

"खाली पोचल्यावर."

तो निघाला. ओदिलने त्याच्या चाकामागे चाक लावलं. पहिल्या वळणावर ओली पानं होती. लिओनेलचा डावा हात खाली आला, बोटाने जागा दाखवली, ती बाजूला झाली. दुसऱ्या वळणावर शेण होतं. हात खाली आला, ती बाजूला झाली. फक्त ब्रेकचा बारीक आवाज येत होता.

तिसऱ्या वळणावर धुक्यातून दगडी क्रूस वर आला आणि मागे गेला.

लिओनेलचा उजवा हात हँडलवरून सुटला. मांडीशेजारून खाली आला. बोट रस्त्याच्या उजव्या अंगाकडे वळलं, दोनदा, नेहमीसारखं, आणि त्याची सायकल डावीकडे झुकली.

ओदिल बाजूला झाली नाही. तिने सायकल त्या जागेवरून सरळ नेली. डांबर ताटासारखं होतं.