टेकविन सरांचं वक्तृत्व

अकरा मिनिटं झाली तरी आमदार टेकविन प्रॉथरो गटारांच्या विषयावरून हलायला तयार नव्हते.

वेल्सच्या विधिमंडळात, सभागृहाच्या वरच्या अंगाला, काचेच्या खोलीत बसून दुभाषी नेस्टा बेब त्यांचं वेल्श भाषण इंग्रजीत सांगत होती. खाली बसलेल्या बहुतेक आमदारांना वेल्शचं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांच्या कानांवर हेडफोन, आणि हेडफोनात नेस्टाचा आवाज.

"सध्याची रुंदी नऊ इंच आहे," टेकविन म्हणाले. "ती बारा इंच असायला हवी."

नेस्टाला त्यांची दया आली. शाळेत त्यांनीच तिला भूगोल शिकवला होता, याच संथ चालीत. तेव्हा सगळा वर्ग पेंगायचा. आता राजधानीत, कार्डिफमध्ये, सगळं सभागृह पेंगत होतं, आणि तिकडे दोघांच्या लानव्हेन गावात दर हिवाळ्यात नेस्टाच्या आईच्या स्वयंपाकघरात नदी शिरत होती.

"आमच्याकडे पूर आला," नेस्टा इंग्रजीत म्हणाली, "की सरकारच्या आधी मासे पोचतात. आणि मासे निदान दार तरी वाजवतात."

सभागृहात खसखस पिकली. टेकविन दचकले. नऊ इंचांत हसण्यासारखं काय आहे, हे त्यांना कळेना. पण तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला समोरचे जागे आहेत एवढंच पुष्कळ होतं. त्यांनी छाती काढून सिमेंटचे प्रकार सांगितले. टाळ्या पडल्या.

गटार मंजूर झालं.

मग नेस्टाची जीभ थांबेना. टेकविन मेंढ्यांच्या लशीवर बोलले की हेडफोनवाल्यांचे डोळे पाणावायचे. बसच्या वेळापत्रकावर बोलले की लोक पोट धरधरून हसायचे. वेल्श जाणणारे आमदार नुसते एकमेकांची तोंडं बघायचे. त्यांच्यातले म्हातारे ग्रिफ तर शेवटी स्वतःच हेडफोन लावून बसायला लागले.

"अहो, तुम्हाला येतं की वेल्श!" शेजारची आमदारीण म्हणाली.

"येतं ना. म्हणून तर."

सत्ताधारी पक्षाच्या नेत्या बेरिल टकर यांनी टेकविनना मंत्री केलं. त्या दिवशी कँटीनमध्ये टेकविननी नेस्टासमोर वेल्श केकची बशी सरकवली.

"नेस्टा, पोरी, हे सगळं माझ्यात दडलेलं होतं. आणि मी आयुष्यभर खडकांचे थर शिकवत बसलो!"

"हो सर," म्हणून नेस्टानं तोंडात केक कोंबला.

दोन वर्षांनी बेरिलबाईंनी नेतेपद सोडायचं ठरवलं, तेव्हा पक्षातल्या सगळ्यांच्या ओठांवर एकच नाव होतं. उमेदवारांची समोरासमोर चर्चा टीव्हीवर होणार होती. इंग्रजीत. दुभाषी नाही, हेडफोन नाहीत.

नेस्टानं लगेच टेकविनना कँटीनमध्ये गाठलं.

"सर, चर्चा इंग्रजीत आहे."

"मग? मला काय इंग्रजी येत नाही?"

"येतं हो. तसं नाही..." आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

टेकविननी हातातला चहा खाली ठेवला.

"ते मासे दार वाजवतात, तेही तुझंच?"

"हो सर."

"बायको टीव्हीवर ते इंग्रजीत ऐकून किती हसली होती; मला वाटलं, मीच कधीतरी बोललो असेन. लग्नाला तीस वर्षं झाली, माझ्या बोलण्यावर पहिल्यांदा हसली. इंग्रज आहे ना ती."

"चिडलात का सर?"

"चिडायचं काय त्यात? भूगोलात तू काठावर पास व्हायचीस. पण गटार तूच बांधलंस."

नाव दिलं होतं, म्हणून ते चर्चेला गेले. वेल्सच्या भवितव्याबद्दल विचारल्यावर त्यांनी पायपांची रुंदी सांगितली, आणि नेतेपद हातचं गेलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच बेरिलबाईंकडे गेले.

"पुढच्या निवडणुकीत माझी जागा नेस्टा बेबला द्या. इतकी वर्षं तीच बोलत होती."

बेरिलबाई आधी संतापल्या, मग हसल्या, मग त्यांनी तिकीट दिलं. नेस्टा निवडून आली. सरांनी घरी येऊन तिला भूगोलाच्या वर्गातला जुना नकाशा भेट दिला.

"आता काय करणार सर तुम्ही?"

"बोलून झालं भरपूर. आता जरा दुसऱ्यांचं ऐकावं म्हणतो."

नेस्टाचं पहिलं भाषण लानव्हेनच्या शाळेवर होतं. शाळा बंद करायची की नाही, यावर त्याच दुपारी मतदान होतं. तीन आठवडे तिनं एकेक वाक्य घासलं होतं. गावाचं दुःख गावाच्याच भाषेत सांगायचं, यावर ती ठाम होती. सभागृहाला रडवायचं कसं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

ती उभी राहिली. "या शाळेची घंटा थांबली," ती वेल्शमध्ये म्हणाली, "की आमच्या गावात मुलांना हाक मारणारं कुणी उरणार नाही."

ग्रिफनी आज हेडफोन काढून ठेवले होते. त्यांनी रुमाल काढला. वेल्श जाणणारे सगळेच नाकं ओढायला लागले.

हेडफोनवाले मात्र ढिम्म. नेस्टानं आवाज चढवला. आईची गोष्ट सांगितली, पुराची सांगितली, विनोद केला. एकानं जांभई दिली. दुसरा फोन चाळायला लागला. बेरिलबाईंची मान हळूहळू छातीवर कलली.

नेस्टानं वर बघितलं.

काचेमागे, तिच्याच जुन्या दुभाष्याच्या खुर्चीत, कानांवर हेडफोन चढवून टेकविन सर बसले होते. त्यांच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ओठ मात्र त्याच संथ चालीत हलत होते, एकही शब्द न गाळता.