पिवळा म्हणजे सहा

“बोला जावईबापू, पिवळा की हिरवा?”

सासऱ्यांनी कागदाची ओली पट्टी जावयाच्या नाकासमोर धरली. कुंडीतली माती पाण्यात कालवून, ते पाणी निवळल्यावर त्यात बुडवलेली पट्टी. शेजारी रंगांचा तक्ता. पट्टी पिवळी म्हणजे पीएच सहा, माती हवी तशी आंबूस, निवडुंग खूश. हिरवी म्हणजे सात किंवा त्याहून वर, मग पाण्यात व्हिनेगरचे चार थेंब. एवढं सोपं काम. जावयाच्या मात्र तोंडचं पाणी पळालं होतं.

आठ महिन्यांपूर्वी सासूबाई गेल्या आणि बाल्कनीतले त्यांचे बेचाळीस निवडुंग सासऱ्यांच्या गळ्यात पडले. रविवारी बायको हॉस्पिटलात ड्यूटीला गेली, की जावई इकडे यायचा. “मोतीबिंदू वाढलाय, रंग धड दिसत नाहीत,” असं म्हणत सासऱ्यांनी पहिल्याच रविवारी पट्टी त्याच्या हातात दिली. त्याने क्षणभर पाहिलं आणि ठोकून दिलं, “पिवळा.”

खरं तर पिवळा, पोपटी, हिरवा, सगळे त्याला जन्मापासून सारखेच. वैद्यकीय तपासणीत त्यापायी एक चांगली नोकरी हातची गेली होती. तेव्हापासून त्याने ही गोष्ट सगळ्यांपासून झाकून ठेवली, अगदी बायकोपासूनसुद्धा. कपाटात सगळे शर्ट पांढरे. पण ‘पिवळा’ ऐकल्यावर सासऱ्यांचा चेहरा असा काही खुलला, की पुढे दर रविवारी बेचाळीसच्या बेचाळीस कुंड्या पिवळ्याच निघू लागल्या. एकदा त्याने आडून सुचवलं, थेट आकडा दाखवणारं यंत्र आणू का?

“यंत्रं फसवतात हो,” सासरे म्हणाले. “घरचा माणूस कशाला फसवेल?”

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

आणि आज सकाळी शेजारच्या बाल्कनीतल्या बाईंनी कपडे वाळत घालता घालता सांगितलं, “अहो, तुमची थोरली शेंड्याला पिवळी पडत चाललीय.” थोरली म्हणजे सासूबाईंनी लग्नानंतर लगेच बी पेरून वाढवलेला गोल, गुबगुबीत निवडुंग. लेकीच्या आधी घरात आला, म्हणून थोरली. दोघंही धावत कुंडीशी गेले. सासऱ्यांनी काट्यांची पर्वा न करता तिच्या अंगावरून बोट फिरवलं. नेहमीची थट्टा कुठल्या कुठे गेली.

“हिला काही झालं तर मला सहन व्हायचं नाही,” ते म्हणाले. मग त्यांनी माती कालवली, पट्टी बुडवली आणि उसन्या अवसानाने तो नेहमीचा प्रश्न विचारला.

पिवळा, हा शब्द जावयाच्या ओठांवर आला होता. तो त्याने गिळला.

“बाबा, मला ओळखता येत नाही. जन्मापासूनच. आठ महिने मी नुसत्या थापा मारतोय. नळाच्या क्षाराच्या पाण्याने मातीतला आंबटपणा कधीच उतरला असेल, आणि माझ्यामुळे व्हिनेगरचा एक थेंबही पडला नाही.”

सासरे स्टुलावर बसले. संपले आपले रविवार, जावयाला वाटलं. वडील त्याला आठवतही नव्हते. या बाल्कनीत मातीने हात भरवून, कुणाची तरी बोलणी खात बसायला त्याला मनापासून आवडायचं. आता कुठल्या तोंडाने यायचं?

सासऱ्यांनी पट्टी उचलली. उजेडात धरली, डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, तक्त्यावर ठेवून पाहिली. मग मान हलवली आणि त्याच्याकडे बघून मोकळेपणाने हसले.

“मोतीबिंदू वगैरे काही नाही मला,” ते म्हणाले. “पस्तीस वर्षं तुमची सासू रंग सांगायची आणि मी व्हिनेगर घालायचो. आता आपल्या दोघांना कोण सांगणार?”