चौथं कारण

"माझं झालंय. तुम्ही बसा," त्र्यंबकआबा म्हणाले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

विनयने ताटावरून मान वर केली नाही. आबा अमेरिकेत एडिसनला त्याच्याकडे येऊन तीन महिने झाले होते आणि रोज त्यांचं हेच वाक्य होतं. दिवसभर ते घरात एकटे असत. सगळे आपापल्या गाड्या काढून गेले की रस्त्यावर माणूस दिसत नसे. बर्फ तेवढा दिसे. संध्याकाळी घर भरलं की आबा पुन्हा बाजूला. त्यांना आपल्यात बसायचंच नाही, हे विनयने मनाशी ठरवून टाकलं होतं. परवा त्याने त्यांचं परतीचं तिकीट काढलं. रविवारचं. पाकीट जेवणाच्या टेबलावर रिकाम्या चौथ्या खुर्चीपुढे पडलं होतं.

वडिलांचं हे वागणं त्याला नवं नव्हतं. आबांचा जन्म बोटींवर खलाशी म्हणून गेला. वर्षाकाठी महिनाभर ते देवरुखजवळच्या गावी घरी यायचे. आई पान वाढायला उठली की पत्र्याची पेटी खाली ठेवत दारातूनच म्हणायचे, "मी बोटीवर जेवून आलोय. पोरांना वाढ." ज्याला घरचा घासही नको, तो घरी येतो तरी कशाला, असं लहानपणी विनयला वाटायचं.

"आजोबा, हेल्प करा ना," नऊ वर्षांची मृणालिनी वहीवरून म्हणाली. "युरोपमधली माणसं एवढ्या लांब नव्या देशांत का गेली? टीचरला फोर रीझन्स हवेत. माझ्याकडे थ्रीच आहेत. गोल्ड, स्पायसेस आणि गॉड."

"मसाल्यासाठी?" आबा हसले. "अगं, हे राजाचं आणि कप्तानाचं झालं. शिडं ओढणारे कशाला गेले?"

"ते बुकमध्ये नाहीये."

"मग लिही. बोटीवर गेलेल्याला जेवण बोटीवर मिळतं. त्याच्या वाटणीची भाकरी घरात उरते."

मृणालिनीची पेन्सिल थांबली. "यू मीन, तुम्ही पण त्यासाठीच गेलात?"

"नाहीतर काय! मला समुद्र कधी मानवलाच नाही. दर खेपेला पहिले चार दिवस ओकण्यात जायचे."

"पण इथे तर फ्रिज फुल आहे. तरी तुम्ही जेवत नाही. सॅटर्डेला आय सॉ यू. नुसता चहा आणि टोस्ट."

सुचित्रा भात वाढता वाढता थांबली. आबांनी सुनेकडे पाहिलं आणि नजर पुन्हा बर्फाकडे वळवली.

"दिवसभर बसून तर असतो गं," ते हळूच म्हणाले. "बसलेल्याला कितीसं लागतं?"

विनयचा घास हातातच राहिला. मुंबईची गोदी. तिथून एसटीने अख्खा दिवस. उतरल्यावर चार कोस पायी. बोटीवर जेवलेला माणूस दारात पोहोचेपर्यंत किती भुकेला असेल, हे त्याच्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं.

तो उठला. तिकिटाचं पाकीट बाजूला करून त्याने त्या जागी ताट ठेवलं.

"अरे, माझं झालंय," आबा म्हणाले.

विनयने खुर्ची मागे ओढली.

"आबा, बोट केव्हाच गेली. बसा."