प्रेषक, केशरवस्ती

औषधांची मागणी करणारी ईमेल पृथ्वीने तिसऱ्यांदा नाकारली, तेव्हा मंगळावरच्या केशरवस्तीच्या प्रमुख द्वारकाबाई स्वतः संगणककक्षात आल्या. औषधे आणणारे यान पृथ्वीवरून संध्याकाळी निघणार होते आणि त्यानंतरचे थेट दोन वर्षांनी.

“मावशी, पत्ता बरोबर आहे,” मेलचा प्रोग्राम सांभाळणारा श्रीरंग म्हणाला. “पण आपलं अ‍ॅप प्रेषक म्हणून ही वस्ती वसवणाऱ्या पुण्याच्या मातृसंस्थेचं नाव लावतं आणि मेल निघते मंगळावरच्या सर्व्हरवरून. आजवर चालून गेलं. आता तिकडची तपासणी कडक झालीय. ते आपल्याला तोतया समजतात.”

“तोतया? चाळीस वर्षं इथे नांदतेय मी. त्यांचं नाव लावतोच कशाला?”

“वडीलधाऱ्यांचा मान म्हणून. पहिल्यापासूनची रीत आहे.”

“मान मनात ठेव. नाव आपलं लाव.”

“आपल्या नावाला तिकडे कोण ओळखतं, मावशी?”

“आपण सांगितलंय कधी?”

श्रीरंगने पृथ्वीच्या नोंदवहीत आपल्या सर्व्हरची नोंद वस्तीच्या नावावर केली, प्रेषकाची ओळ बदलली आणि मेल पुन्हा धाडली. तासाभराने उत्तर आले. औषधे यानात चढली होती. मायन्यात पृथ्वीने प्रथमच लिहिले होते, ‘केशरवस्ती, मंगळ यांस’.

द्वारकाबाईंनी ते उभ्यानेच वाचले आणि पदर सावरला.

“आता पुण्याला लिही, यापुढे आम्ही आमच्या नावाने लिहू.”

“परवानगी असावी, ही विनंती, असं घालू?”

“विनंती नाही. कळवतो आहोत, असं लिही.”