हिरवी बोटं

रेवाच्या वाढदिवसाचा केक आईने दिवसभर खपून केला होता, पण रेवा काकूला सोडेना. आईच्या या धाकट्या जावेने पुण्याहून चमकत्या कांड्या आणल्या होत्या. "वाकवली की आतली काचेची नळी फुटते, दोन रसायनं एकत्र येतात आणि उजेड पडतो," ती सांगत होती. सासूबाईसुद्धा कौतुकाने ऐकत होत्या.

"राबायचं मी आणि कौतुक हिचं," असं पुटपुटत आई आतल्या खोलीत गेली. रेवासाठी राखून ठेवलेली मोठी कांडी तिने कात्रीने कापली. सांडलेलं ओल्या कागदाने टिपलं, काचा उचलल्या, हात धुतले. ट्यूबच्या उजेडात सगळं स्वच्छ दिसलं.

केक कापण्याआधी दिवे मालवले. आईची बोटं हिरवी चमकली, साडीच्या निऱ्यासुद्धा. सगळे बघतच राहिले.

"मीच दिली ती ताईंना, फुटली असेल," काकू पटकन म्हणाली. मग बेसिनपाशी, दिवा न लावता, आईच्या हातांना साबण चोळत हळूच बोलली, "हे अंधारात धुवायचं, ताई. उजेडात राहिलेलं दिसत नाही."

ही ओरडली असती तर बरं झालं असतं, असं आईला वाटलं.